नामनिर्देशन : विश्वासाची ठेव

(बऱ्हाणपूर येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे, आणि वक्ता तर नव्हेच. माझे सारे आयुष्य कचेरीत कागद पाहण्यात गेले. आवक कोणती, जावक कोणती, कोणत्या अर्जास कोणते सहपत्र जोडावयाचे, कोणता शेरा कोणाच्या सहीने जावयाचा, एवढेच माझे शास्त्र. तेव्हा आपल्यासमोर मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा करण्यापेक्षा, ज्या एका कागदाचे महत्त्व आपल्या या गावात अजून म्हणावे तसे ओळखले गेलेले नाही, त्या कागदाविषयी बोलावे असे मी ठरविले. तो कागद म्हणजे विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याचे नाव मोठ्या शिष्यवृत्तीसाठी पुढे पाठविणे, अर्थात नामनिर्देशन.

शिष्यवृत्त्या अनेक प्रकारच्या असतात. काही गुणांवर मिळतात, काही गरजेवर. परंतु पदवीनंतरच्या शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या काही थोड्या शिष्यवृत्त्या अशा आहेत की ज्यांत केवळ गुणपत्रिका पाहून भागत नाही. हा मुलगा किंवा ही मुलगी उद्या समाजाचे एखादे काम अंगावर घेऊन पार पाडील काय, चार माणसांना बरोबर घेऊन चालेल काय, हेही तेथे पाहिले जाते. त्यांना नेतृत्वाच्या शिष्यवृत्त्या म्हणण्याची रीत पडली आहे. आता ही गोष्ट गुणपत्रिकेवर छापलेली नसते. ती कोणीतरी, विद्यार्थ्यास जवळून पाहिलेल्या माणसानेच सांगावी लागते. म्हणून अशा कित्येक शिष्यवृत्त्यांत अर्ज थेट घेत नाहीत. विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने प्रथम आपल्या घरी निवड करावी, आणि मग आपल्या नावानिशी, आपल्या जबाबदारीवर, त्याचे नाव पाठवावे, असा दंडक असतो.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे स्मारक म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ साली एक शिष्यवृत्ती स्थापन केली. सार्वजनिक सेवेत आयुष्य घालवू इच्छिणाऱ्या तरुणांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती आहे. तिच्यासाठी विद्यार्थ्याने परस्पर अर्ज करून चालत नाही. त्याच्या महाविद्यालयानेच त्याचे नाव सुचवावे लागते, आणि एका महाविद्यालयाला अगदी मोजकीच नावे पाठविता येतात. त्या कामासाठी महाविद्यालयात एक प्राध्यापक प्रतिनिधी म्हणून नेमलेला असतो. होतकरू मुले हेरावयाची, त्यांचे कागद तपासावयाचे, त्यांना प्रश्न विचारून घडवावयाचे, हे त्याचे काम. तेथे स्थायिक होऊन नागरिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही याच दारातून जावे लागते. आपल्याकडे ही पद्धत इतकी रुळलेली नाही. राष्ट्रकुलातील शिष्यवृत्त्यांची योजना १९५९ च्या ऑक्सफर्ड येथील परिषदेतून निघाली, आणि तिच्यासाठी भारतातून नावे पाठविण्याचे काम केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे राहिले. सुप्रसिद्ध ऱ्होड्स शिष्यवृत्तीला भारतातून विद्यापीठाचे नामनिर्देशन लागत नाही, परंतु विद्यार्थ्यास ओळखणाऱ्या अनेकांची शिफारसपत्रे मात्र लागतात. दार निरनिराळे असले तरी मुद्दा एकच : तुमच्याविषयी दुसऱ्या कोणीतरी आपला शब्द खर्ची घालावा लागतो.

ऱ्होड्सचे नाव निघाले म्हणून सांगतो. सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला. तो कडवा साम्राज्यवादी होता आणि दक्षिण आफ्रिकेतून मिळविलेल्या त्याच्या संपत्तीचा उगम निर्मळ होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याने मृत्युपत्रात निवडीच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्या पुष्कळांनी पुढे उचलल्या. विद्येतील प्रावीण्य ही एक कसोटी. मैदानी खेळांची आवड ही दुसरी. सत्यनिष्ठा, धैर्य, कर्तव्यबुद्धी आणि दुर्बलांविषयी कणव ही तिसरी. आणि सोबत्यांचे पुढारपण करण्याची व त्यांच्या हिताची काळजी वाहण्याची वृत्ती ही चौथी. या चारांतील शेवटच्या दोन कशावरून ओळखावयाच्या? त्यांचे मार्क कोणत्या परीक्षेत मिळतात? त्या ओळखणारा शेजारी, शिक्षक, वडीलधारा माणूसच लागतो. नामनिर्देशनाचे मूळ येथे आहे.

कोणास वाटेल की ही सारी पाश्चात्यांची रीत. आपला तिच्याशी काय संबंध? मला तसे वाटत नाही. आपल्या मराठी मुलखातच सव्वाशे वर्षांपूर्वीचे याचे उत्तम उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ मुर्डी नावाचे खेडे आहे. तेथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा देश महर्षी म्हणून ओळखू लागला, त्यांनी या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला शिक्षणासाठी मुंबईस आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे रघुनाथराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले व मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत अग्रभागी राहिले. त्या काळी हिंदुस्थान सरकार अगदी मोजक्या पदवीधरांना खर्च देऊन इंग्लंडला पाठवीत असे, आणि ती नावे सुचविण्याचे काम विद्यापीठांकडे होते. मुंबई विद्यापीठाकडून परांजप्यांची निवड झाली. १८९६ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. महाराष्ट्राने त्यांना ‘रँग्लर परांजपे’ हे नाव दिले ते कायमचे.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्व वाटते ते पुढच्या भागाचे. एवढी कीर्ती मिळविल्यावर त्यांना कोठेही जाता आले असते. ते परत पुण्यास आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करावयाचे, हा त्या संस्थेचा नेम होता. त्या व्रतात ते सामील झाले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १९२१ साली ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. पण या साऱ्याची पायाभरणी त्या अल्प वेतनाच्या वर्षांत झाली. त्यांचे नाव सुचविणारांनी गणित ओळखले, हे खरेच. परंतु ज्या वातावरणात ते वाढले त्याने त्यांना हेही शिकविले होते की पाठविलेल्या माणसाने परत यावयाचे असते.

दुसरे उदाहरण आजच्या प्रसंगास अधिकच जुळणारे आहे, कारण त्यात एका गुणगौरव समारंभाचाच संबंध आहे. १९०७ साली मुंबईच्या एका चाळीत राहणारा एक मुलगा मॅट्रिक झाला. तो ज्या समाजातला होता त्या समाजात मॅट्रिक होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. म्हणून त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेस कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक आले होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

सत्कार झाले, हार पडले, पुस्तक दिले. एवढ्यावर पुष्कळ सभा संपतात. केळुसकर गुरुजींचे मोठेपण असे की त्यांचे काम सभेनंतर सुरू झाले. वडिलांना पुढील शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि या तरुणाची महाराजांशी भेट घडवून आणली. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची मदत सुरू केली आणि भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे ठरविले आणि त्यांत आंबेडकरांची निवड केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. परत आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, अशी अट होती. जुलैत बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला उतरला. पुढे काय झाले ते देश जाणतो. मी फक्त एवढेच विचारतो की केळुसकर गुरुजी त्या सभेनंतर घरी जाऊन स्वस्थ बसले असते तर?

मुलींच्या पालकांसाठीही एक गोष्ट सांगतो. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली हिंदी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. तो दान म्हणून नव्हे तर कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून दिला जातो. परत आलेल्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्यास मदत व्हावी अशी त्यातील दूरदृष्टी. या निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थी दोन स्त्रिया होत्या : डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. ज्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा मघाशी उल्लेख केला, ती मुलींना खुली झाली १९७७ साली. तेव्हा मुलीला पुढे पाठविणे ही नवी टूम आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या सनावळ्या पाहाव्यात.

आता आपल्या गावाकडे वळू. बऱ्हाणपूर हे काही लहानसहान गाव नव्हे. तापीकाठचे हे नगर एके काळी दक्षिणेचे प्रवेशद्वार होते. मोगलांचे सुभेदार येथे राहिले, येथले कापड दूरदेशी गेले, आजही मागांचा आवाज येथल्या गल्ल्यांत ऐकू येतो. परंतु विद्यापीठाच्या दृष्टीने पाहिले तर हे गाव नेहमी कोणाच्या तरी सीमेवर राहिले. या मुलखातील विद्यार्थ्यास निरनिराळ्या काळी नागपूरकडे, सागरकडे, इंदूरकडे पाहावे लागले. २०२४ साली खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निमाड मध्य प्रदेशात राहिला, बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ साली. विद्यापीठाचे मुख्य ठाणे दूर असले की सूचनापत्रे उशिरा पोचतात, आणि पोचली तरी ती फलकावर लागतीलच असे नाही.

शिवाय सीमेवरच्या माणसाची एक खास अडचण असते. आपल्या घरी मराठी बोलली जाते, लग्नसंबंध रावेर, भुसावळ, जळगावकडचे असतात. मामाच्या मुलाला महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली असे ऐकून आपला मुलगाही अर्ज करावयास निघतो, आणि मग त्यास कळते की ती महाराष्ट्राच्या अधिवासाशी बांधलेली आहे. भाषा एक असली तरी कागद भाषा पाहत नाही. तो अधिवास पाहतो. आपल्या मुलांनी मध्य प्रदेश शासनाच्या परदेशी अध्ययनाच्या योजना पाहाव्यात, केंद्राची १९५४-५५ पासून चालत आलेली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पाहावी. तिच्यात अनुसूचित जातींबरोबरच भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांचाही विचार केलेला आहे. अटी व मर्यादा दर वर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचे सूचनापत्र स्वतः वाचावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

विद्यार्थी मित्रहो, आता माझ्या शास्त्राकडे येतो. नामनिर्देशनाच्या अर्जाला दोन मुदती असतात. एक छापलेली, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची. दुसरी न छापलेली, आपल्या महाविद्यालयाची व विद्यापीठाची. ती पहिलीच्या कित्येक आठवडे आधी येते. छापील मुदत पाहून जो निघाला, त्याने तहान लागल्यावर विहीर खणावयास घेतली असे समजावे. वर्षभर आधी तयारीस लागावे. विभागप्रमुखांना व प्राचार्यांना जाऊन भेटावे, नावे पाठविण्याचे काम कोणाकडे आहे ते विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत नम्रपणे विचारीत राहावे. अर्ज दिला की त्याची पोच घ्यावी. पोच मागण्यात उद्धटपणा नाही. ती मागणाऱ्याचा कागद सहसा हरवत नाही.

कागदांविषयी एवढेच सांगतो की दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारपत्रावर आणि पारपत्रावर नावाची अक्षरे एकच असू द्यावीत. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे आडनाव आधी, कोठे एक अक्षर जास्त, अशा क्षुल्लक फरकाने चांगली प्रकरणे महिनोन्महिने अडून राहिलेली मी पाहिली आहेत. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, स्थलांतर प्रमाणपत्र, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, हे सारे एका फायलीत क्रमाने लावून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु नेतृत्व करू इच्छिणाऱ्याने आपल्याच कागदांचे नेतृत्व प्रथम करून दाखवावे.

शिफारसपत्र मागताना मोठ्या माणसाकडे धावण्याचा मोह होतो. आमदारांची ओळख आहे, अमुक साहेबांशी काकांचा घरोबा आहे, असे म्हणून पत्रे आणली जातात. अशा पत्रात बहुधा दोनच ओळी असतात : सदर विद्यार्थी माझ्या माहितीचा असून सुस्वभावी आहे, त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा. या दोन ओळी मी हजारो वेळा वाचल्या आहेत आणि त्यांवरून एकाही विद्यार्थ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिलेला नाही. त्यापेक्षा ज्या तरुण अध्यापकाने तुम्हाला दोन वर्षे रोज पाहिले, त्याचे पत्र शतपटीने वजनदार. त्यात तुम्ही काय केले, कधी केले, अडचण कोणती आली आणि ती कशी निभावली, हे असले पाहिजे. समजा एखाद्या मुलीने मागाच्या वस्तीतील लहान मुलांना सायंकाळी शिकविले. तर किती मुले होती, त्यांतली किती टिकली, गळाली ती का गळाली, हे लिहिणारे पत्र परीक्षकास थांबवून वाचावयास लावते. म्हणून पत्र मागावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या कामाची एक पानभर नोंद घेऊन जावे, आणि निदान महिनाभराचा अवधी द्यावा.

स्वतःविषयीचे निवेदन लिहिताना तर फारच सांभाळावे. पुष्कळांना वाटते की नेतृत्व म्हणजे अध्यक्षपद, चिटणीसपद, व्यासपीठावरचे भाषण. तसे नाही. घरातला कर्ता गेल्यावर धाकट्या भावंडांचे शिक्षण सांभाळणारी मुलगी नेतृत्वच करीत असते. गल्लीतल्या नळाच्या पाण्यासाठी वर्षभर अर्जविनंत्या करून ते काम तडीस नेणारा मुलगा नेतृत्वच करीत असतो. हे लिहावयास लाजू नये. पण जे केले नाही ते लिहूही नये. मुलाखतीत अनुभवी माणसे बसलेली असतात. तिसऱ्या प्रश्नाला पोकळ वासा ओळखू येतो. शिवाय येथे बुडते ते केवळ तुमचे नाव नव्हे. विद्यापीठाने आपला शब्द तुमच्या मागे ठेवलेला असतो. तुम्ही खोटे ठरलात तर पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातून येणाऱ्या खऱ्या विद्यार्थ्याकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणून मी नामनिर्देशनाला विश्वासाची ठेव म्हणतो. ती ठेव तुमच्या हाती आहे. ती तुमच्या मालकीची नाही.

आता थोडेसे वडीलधाऱ्यांना. आपल्या गावाबाहेरचा कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला आहे. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालील भुयारातून या नगरास आणले गेले. वरून पाहिले तर नुसत्या ओळीने बांधलेल्या कुंड्या दिसतात. परंतु प्रत्येक कुंडी खालून दुसरीशी जोडलेली आहे, म्हणून पाणी वाहते. एक जोड बुजला तर पुढच्या साऱ्या कुंड्या कोरड्या पडतात, आणि दोष मात्र शेवटच्या कुंडीला दिला जातो. आपल्या मुलांचे असेच होते. मुलगा हुशार आहे, पण शिक्षकाने प्राचार्यांस सांगितले नाही. प्राचार्यांनी विद्यापीठास कळविले नाही. कागद कोणाच्या तरी टेबलावर राहिला. आणि आपण म्हणतो, या गावातून कोणी वर येत नाही. येत नाही की आपण पाठवीत नाही, याचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे.

म्हणून माझी या व्यासपीठावरून एक विनंती आहे. दर वर्षी आपण गुणवंतांना शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देतो. ही प्रथा चांगलीच आहे. तिला एक जोड द्यावी. सत्कार झालेल्या मुलांपैकी पदवीपर्यंत पोचलेल्या प्रत्येकामागे एक जाणता माणूस नेमावा. त्याने वर्षातून चार वेळा त्या मुलाची चौकशी करावी, शिष्यवृत्त्यांची सूचनापत्रे त्याच्यापर्यंत पोचवावीत, अर्ज भरताना शेजारी बसावे, आणि तो कागद विद्यापीठातून पुढे जाईपर्यंत पाठपुरावा करावा. याला पैसा लागत नाही. निवृत्त माणसांपाशी वेळ असतो, आणि कागदांची वाट आम्हा कारकून मंडळींस चांगली ठाऊक असते. या कामासाठी माझे नाव पहिले लिहून घ्यावे.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण तो टाळून हा विषय पुरा होत नाही. पाठविलेल्याने परत यावे काय? परांजपे परत आले, कारण त्यांच्यासाठी एक महाविद्यालय, एक व्रत आणि सन्मानाची जागा वाट पाहत होती. आंबेडकरही परत आले. करारास जागून १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाचा हा विद्वान कचेरीत बसला तर शिपाई त्याच्याकडे कागद दुरून फेकीत. राहावयास जागा कोणी देईना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले. तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अखेर त्यांनी बडोदे सोडले. दहा वर्षांचा करार मोडला. पण तो मोडला कोणी? सही करणाऱ्याने नव्हे, त्याला डोक्यावर छप्पर न देणाऱ्या समाजाने. आणि इतके होऊनही, १९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांना, आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याच्या कृतज्ञतेने अर्पण केला. नोकरीचा करार तुटला, ऋणाची जाणीव तुटली नाही.

यावरून मी असे समजतो की नामनिर्देशन हा दुहेरी करार आहे. जाणाऱ्याने ऋण विसरू नये, हे तर खरेच. परंतु पाठविणाऱ्यांनीही परत येणाऱ्यासाठी जागा राखली पाहिजे. उद्या आपली एखादी मुलगी परदेशातून शिकून आली आणि तिने बऱ्हाणपुरात काम करावयाचे म्हटले, तर आपण तिला काय देणार? तिच्या जातीची, तिच्या लग्नाची, तिच्या पगाराची चौकशी करणार, की तिच्या कामाला चार माणसे आणि एक खोली देणार? तिने यावे अशी इच्छा असेल तर याचे उत्तर आजच तयार ठेवले पाहिजे. आणि ती आली नाही, दूर राहूनच तिने आपल्या मागच्या एखाद्या विद्यार्थ्याचा हात धरला, तरी तिने आपली ठेव परत केली असेच मी म्हणेन. टाटांच्या निधीची रीतही तीच आहे : एकाने फेडलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रहो, आज तुमच्या गळ्यात हार पडले. उद्या ते सुकतील. परंतु येथे बसलेल्या कोणा एका माणसाने तुमचे नाव मनात लिहून ठेवले असेल, तर ते टिकेल. तुम्ही त्यास पात्र व्हा, वेळेवर मागा, खरे लिहा, आणि मिळाल्यावर मागच्याला विसरू नका. आणि तुमच्यापैकी ज्याचा अर्ज परत येईल त्याने खचून जाऊ नये. अर्ज लिहिताना ज्याने स्वतःला प्रामाणिकपणे तपासले, त्याचा तो कागद वाया गेला असे मी माझ्या साऱ्या नोकरीत कधी मानले नाही.